साहेब गेला तेव्हाची सायकल

मागच्या अंकात मी लिहून गेलो की घरातल्या जुन्या सायकलींबद्दल काय ते विचारा. संपादकांनी परवा पत्रांची पिशवीच दुकानात आणून ओतली. पोरगा पंक्चर काढत होता, तो म्हणाला, "काका, आता हे पण आपणच काढायचं?" तर आधी बारकी कामं उरकतो, मग वाईच्या ताईंच्या पत्राकडे निवांत बसतो. ते पत्र मी तीनदा वाचलं.

आजोबांची सायकल विकली तर किती येतील?
*(तासगाव, विटा, कराड आणि आणखी पुष्कळ ठिकाणांहून)*

मी सायकली दुरुस्त करतो, बोली लावत नाही. नुसता फोटो बघून किंमत सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच घेणारा असतो, एवढं ध्यानात ठेवा. भंगारवाला किलोवर नेतो. त्याच्या काट्याला कातड्याचं सीट आणि गंजकं मडगार्ड सारखंच. आणि विकायचीच असेल तर अख्खी विका. चाकामधलं हब एकाला, सीट दुसऱ्याला, पुढचा बिल्ला तिसऱ्याला असं केलं की शेवटी सांगाडा तुमच्याच पडवीत राहतो.

आमचे आजोबा सांगायचे की किर्लोस्कर आधी सायकली विकायचे. ही थाप की खरं?
*(पलूस तालुक्यातील वाचक)*

खरं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. ते स्वतः तेव्हा मुंबईत शिकवायचे आणि बेळगावची बाजू भाऊ रामूअण्णा बघायचे. नांगर आणि कडबा कापायची यंत्रं नंतर आली. किर्लोस्करवाडी तर १९१० ची. आमच्या धंद्यातली माणसं हे जरा छाती फुगवून सांगतात, मीही सांगतो. पण म्हणून तुमच्या पडवीतली सायकल 'किर्लोस्कर' आहे असं समजू नका. फोटोत तिच्या पुढच्या बिल्ल्यावर स्वच्छ 'हर्क्युलिस' लिहिलंय.

वडिलांची २८ इंची काळी सायकल २०१९ च्या पुरात आठ दिवस पाण्यात होती. नंतर पुसून माडीवर टांगली. आता मुलगा चालवतो म्हणतोय. हवा भरून देऊ का?
*(गावभाग, सांगली)*

देऊ नका. दादा, त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर. आमच्या दुकानातली रेघ अजून तशीच आहे, माझ्या डोक्याच्या वर एक वीत. पाणी उतरल्यावर लोकांनी सायकली बाहेरून धुतल्या, तेल लावलं आणि झालं म्हणाले. कृष्णामाईचा गाळ बाहेर नसतो हो. तो बी.बी.त, म्हणजे पायडलचा मधला एक्सल फिरतो त्या नळीत बसतो, हबात बसतो, हँडलच्या कपात बसतो. वाळला की कणकेसारखा घट्ट होतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओला होतो.

सीट काढा आणि सायकल उलटी धरा. नळीतून काय पडतंय ते बघा. २०२० मध्ये मी एक सायकल अशी उलटी धरली तर आत मेलेली गोम निघाली. मग दोन्ही हब, बी.बी. आणि पुढचे कप खोलून रॉकेलमध्ये धुवायचे, छर्रे सगळे नवे टाकायचे. त्यात कंजुषी नको. २८ बाय दीडचे टायर-ट्यूब अजून मिळतात, रिमा मिळतात, या सायकलीचं सगळंच मिळतं. म्हणून खर्चाचं फार मनावर घेऊ नका.

एकाच जागी मन घट्ट करायचं : पुढचं चाक धरणारा चिमटा. चिमट्याचे दोन्ही पाय वरून खालपर्यंत पान्यानं हलके ठोकत या. टण् वाजलं तर ठीक. थप् वाजलं तर तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर चिमटा बदला. वडिलांची आठवण बाकीच्या सायकलीत भरपूर उरते. चिमटा चालता चालता तुटला तर माणूस थेट तोंडावर आपटतो.

आता वाई.

मिस्त्रीकाका, नमस्कार. माझ्या आजोबांची (आईच्या वडिलांची) रॅले सायकल यंदा माझ्याकडे आली. आजोबा पाचगणीच्या एका शाळेत क्लार्क होते. तिथल्या एका इंग्रज मास्तरांनी जाताना ती त्यांना दिली. मामा म्हणतात सायकल १९४७ ची, 'साहेब गेला तेव्हाची'. मागच्या हबवर मात्र 'एडब्ल्यू' आणि ५२, ४ असे आकडे आहेत. तीन गिअर आहेत, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना पायडल रिकामंच फिरतं. हँडल रेसरसारखं खाली वळलेलं, त्यावर 'मेड इन इंडिया' ठोकलंय. मूळचं सरळ हँडल शोधून लावू का? सीट मला दोन इंच उंच पडते आणि तिची नळी जाम झाली आहे. इथले एक जण म्हणाले, करवतीनं कापू. मामेभावाला सायकल रंगवून हायवेवरच्या हॉटेलात भिंतीवर टांगायची आहे. मला तिच्यावरून पसरणी घाट चढायचा आहे. काय करू?
*(वाचक भगिनी, वाई)*

ताई, आधी करवत लांब ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

पहिलं म्हणजे साल. रॅलेच्या सांगाड्यावरच्या नंबरावरून साल काढायला जाऊ नका, त्यात भले भले फसतात. तुमच्या हबवरचे आकडे मात्र सरळ बोलतात. ते हब स्टर्मी-आर्चरचं, नॉटिंगहॅमचं, आणि ते लोक हबच्या पोटावर वर्ष आणि महिना ठोकायचे. ५२ म्हणजे १९५२, ४ म्हणजे एप्रिल. तेव्हा हे चाक १९४७ साली कुणी कुणाला दिलेलं असणं शक्य नाही.

यावर मामा म्हणतील, चाक मागनं बदललं असेल. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, चाकं बदलतातच. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी दोन गोष्टी बघितल्या. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. इंग्लंडच्या सायकलींची ही जुनी रीत. दुसरं म्हणजे दोन्ही रिमांचा क्रोम सारखाच उडालाय, जुळ्या भावांच्या टकलासारखा. ही जोडी एकत्र म्हातारी झालेली आहे. पुढच्या बिल्ल्यावर रॅलेचं बगळ्याचं तोंड आणि खाली नॉटिंगहॅम, इंग्लंड. आपल्याकडे आसनसोलला बनलेल्या सेन-रॅलेच्या पुष्कळ आल्या, त्याही चांगल्या, पण ही त्यातली नाही.

मग मामा खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. 'साहेब गेला' म्हटलं की आपले कान लगेच १९४७ कडे वळतात. पण तुमच्या आजोबांच्या तोंडचा साहेब कोण होता? त्यांच्या शाळेतला, रोज समोर बसणारा, एकटा एक माणूस. १५ ऑगस्टला सगळे इंग्रज एकाच बोटीत बसून काही गेले नाहीत. आजोबा म्हणाले असतील, "साहेब गेला तेव्हा सायकल मला दिली." मामांनी लहानपणी ते ऐकलं, आणि शाळेत इतिहास शिकल्यावर साहेबाच्या जागी अख्खं राज्य बसवलं. आजोबा खरं बोलले, मामांनीही जे ऐकलं तेच सांगितलं. हे असंच मामांना सांगा, आकडा तोंडावर फेकू नका.

आता रंगाचं. इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. मी विशीत होतो. वडिलांची हंबर सायकल होती, काळी, दांडीवर सोनेरी रेघ. त्यांना खूश करायचं म्हणून मी ती घासून पार उघडी केली आणि मोटारींना रंग मारणाऱ्याकडून हिरवा मारून आणला. कोथिंबिरीच्या चटणीसारखा हिरवा. वडील संध्याकाळी तिच्यावरून पिक्चरला गेले. रात्री साडेबाराला चालत घरी आले. स्टँडवर तासभर आपली काळी सायकल शोधली, सापडली नाही, चोरीला गेली म्हणून चौकीत जायचं का असं आईला विचारत होते. हिरवी सायकल तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणली. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते तिला 'तुझी सायकल' म्हणायला लागले.

ती रेघ हातानं ओढलेली असते, ताई. घासली की गेली. परत कुणी ओढून दिली तरी ती दुसऱ्याच्या हातची. उलट आज रंगवली नाही तर उद्या रंगवता येतेच, त्यामुळे घाई कशाची? साबणाच्या पाण्यानं पुसा. तेलकट मळ रॉकेलच्या फडक्यानं हळू काढा, पण अक्षरांवरून रॉकेल फिरवू नका. वर मेणाचं पॉलिश. क्रोमवरचा गंज काढायला पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, चुरगळून पाण्यात बुडवा आणि चोळा. सँडपेपर नको. हॉटेलाबद्दल मी काही बोलत नाही, मामेभाऊ तुमचा आहे. फक्त रश्श्याची वाफ आणि चुलीचा धूर एकदा कातड्याच्या सीटला लागला की पुढं ते सीट सुधारायला माझ्याकडे आणू नये.

सीटची नळी. कापली तर वर धरायला काही उरत नाही आणि आतलं बूड तिथंच राहतं. म्हणून करवत नको म्हणालो. सीटखालचा नट-बोल्ट आधी पूर्ण काढा. नुसता सैल केलेला चालत नाही. नळी जिथं सांगाड्यात शिरते तिथं गंज सोडवायचं पातळ तेल सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब, आठ दिवस. मधल्या दिवसांत काही करायचं नाही. ओढायचं नाही, पिळायचं नाही. नवव्या दिवशी सीट उतरवून ठेवा, नळीच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीनं खाली ठोका. वर नाही, खाली. तुम्हाला सीट खालीच हवी आहे ना? जरा जरी सरकली तरी गंजाची पकड तुटली. मग डावी-उजवी फिरवत वर काढा, आत-बाहेर पुसा, ग्रीस लावा आणि तुमच्या मापाला बसवा. पाइप-पान्यानं जोर करून एका गुरुजींच्या सायकलीचा नळी धरणारा कान मी स्वतः मोडलाय. तो पाना अजून दुकानात आहे, पण खिळ्याला अडकवलेला.

यापेक्षा मोठा धोका बी.बी.त आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगणार नाही. रॅलेच्या बी.बी.चे आटे एका इंचात २६. बाजारात मिळणाऱ्या साध्या कपाचे २४. डोळ्याला फरक दिसत नाही. मिस्त्री नवा कप लावतो, दोन आटे जातो, पुढं घट्ट होतो, मग तो म्हणतो "बसतोय बसतोय" आणि लांब पाना लावतो. कप बसतो आणि सांगाड्याचे आटे कायमचे जातात. तेव्हा तुमचे जुने कप फेकू देऊ नका. छर्रे पाव इंची, एका बाजूला ११, ते नवे टाका. कप घासून परत तेच बसवा. कॉटर, म्हणजे क्रँकची पाचर, काढताना क्रँकखाली (पायडलच्या दांड्याखाली) पाइपचा तुकडा टेकू द्यायला सांगा. टेकू न देता ठोकलं तर मार छर्ऱ्यांवर जातो. हे काम चालू असताना तिथं उभ्या राहा. मिस्त्रीला राग येईल, मलाही आला असता.

गिअर मोडलेला नाही, तार चुकीची ताणलेली आहे. एडब्ल्यू हबात दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा असते. तार बरोबर नसली की हब तिथं जाऊन बसतं आणि पाय हवेत फिरतात. गिअर दुसऱ्यावर ठेवा. मागच्या चाकाच्या उजव्या नटाला भोक आहे, त्यातून आत बघा. आतल्या बारीक सळईची पायरी एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवी. येईपर्यंत तारेचा स्क्रू फिरवा. सोपं काम आहे, पण घाटाआधी झालंच पाहिजे. चढाला उभं राहून पायडल मारताना पाय रिकामा गेला तर दांडी कुठं लागते ते सांगायला नको. हबच्या पोटावर तेलाचं छोटं झाकण आहे, त्यातून पातळ इंजिन ऑइल चमचाभर टाका. खोबरेल नको! थंडीत थिजतं. वाईची थंडी तुम्हाला माहीत आहे.

आता पसरणी. वाईपासून पाचगणी साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त उंच. तुमच्या साहेबानं घाटासाठीच तीन गिअरची घेतली असेल, पण तो पहिला गिअर काही फार हलका नाही. दात मोजून बघा. पुढे ४६ आणि मागे १८ असतील तर पहिल्या गिअरात पायडलच्या एका फेऱ्याला सायकल जवळपास ४ मीटर जाते. घाटात तेवढं ओढणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. मागची दातेरी चकती २२ ची बसवा, मग सव्वातीन मीटरवर येईल. चेनला एखाददुसरी कडी वाढवावी लागेल. चेन तशीही मोजाच : १२ कड्या ताणून मोजल्या की बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंच वाढल्या असतील तर चेन बदला, नाहीतर ती नव्या चकतीचे दात खाईल. जुनी १८ ची चकती फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून ठेवा.

चढण्याची मला काळजी नाही, दमलात तर उतरून ढकलाल. काळजी उतरण्याची आहे. लोखंडी क्रोमच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर नुसते गुळगुळीत फिरतात. दाबता दाबता वळण संपतं आणि सायकल थांबत नाही. जून ते सप्टेंबर त्या घाटातून या सायकलीवर खाली येऊ नका. मागं टेम्पो असो, समोर केवढाही सुंदर धबधबा असो. कोरड्या दिवसांतही रबर नवे, ब्रेकच्या तारा नव्या, आणि आधी मेणवलीपर्यंत चार-पाच चकरा. तिथल्या नाना फडणवीसांच्या वाड्यापर्यंत रस्ता सपाट आहे. काय खडखडतंय, काय सैल होतंय ते तिथंच कळेल.

टायर घेताना '२६ इंची द्या' एवढंच म्हणालात तर दुकानदार डोंगरी सायकलचा देईल आणि तो चढणारच नाही. त्याची रिम तुमच्या रिमेपेक्षा ३१ मिलिमीटरनं लहान. तुम्हाला २६ बाय एक-तीन-अष्टमांश हवा, बाजूला ५९० आकडा असलेला. 'एसएलआर' म्हणून मुली कॉलेजला न्यायच्या त्या सायकलींना हाच टायर असायचा, म्हणून मिळतो.

कातड्याच्या सीटला सहा महिन्यांतून एकदा, वरच्या बाजूनं, कातड्याच्या मेणाचा पातळ हात. तेलात भिजवू नका. भिजवलेलं सीट झोळीसारखं लोंबतं.

हँडलवर 'मेड इन इंडिया' ठोकलेलं तुम्ही लिहिलंय आणि विचारलंय की मूळचं सरळ हँडल शोधून लावू का. माझं मत, नको. त्या काळी मुंबई-पुणे शर्यतीच्या गोष्टी ऐकून आमच्याकडची पोरं साधं हँडल उलटं बसवायची आणि सायकलला रेसर म्हणायची. तुमच्या आजोबांनी त्यापुढं जाऊन खरं रेसरचं हँडल विकत घेतलं. शाळेतला क्लार्क, साहेबाची सायकल, आणि पगारातनं रेसरचं हँडल! सगळ्या सायकलीत आजोबांनी स्वतः निवडलेली ती एकच वस्तू आहे. हां, वाकून पाठ दुखत असेल तर हँडलची मान इंचभर वर घ्या, तेवढं जमतं.

शेवटचं. तुमच्या सातव्या फोटोत सीटच्या मागच्या स्प्रिंगजवळ एक पितळी चकती तारेनं बांधलेली दिसते, वर रंगाचे शिंतोडे. तुम्ही तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तो नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला असावा. दरवर्षी कर भरून नवा घ्यावा लागायचा, नसला तर चौकात सायकल धरायचे. त्यावर नंबर असतो आणि सालही असतं. आजोबांनी पहिला बिल्ला जपून ठेवला की शेवटचा, ते त्यावरच कळेल. चिंच लावू नका, पितांबरी लावू नका, पितळ झिजलं की आकडे जातात. कोमट पाणी, दात घासायचा जुना मऊ ब्रश, आणि दमादमानं. आकडे दिसले की मला कळवा. मामांना बोलावून त्यांच्यासमोरच धुतलात तर आणखी बरं.